मुद्देमालातलं लिंबू

आमच्या सदानंदाचं लग्न झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. घाईत लिहिलं गेलं. आमच्या अक्काच्या मते ते लग्न अजून झालेलं नाही, आणि वालावलीत अक्काच्या मतापेक्षा वेगळं काही घडायचं असेल तर ते त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घडावं. तेव्हा लग्न झालेलं नाही. नवरी मात्र आमच्याच घरात राहते, आतल्या खोलीत झोपते, आणि सदानंद बाहेर पडवीत झोपतो. याला कारण एक चाकू, एक लिंबू, एक फणस आणि मुंबई पोलीस कायद्याचं कलम सदतीस. चौघांपैकी फणस तेवढा चांगला निघाला.

सदानंद माझा चुलत भाऊ. प्राथमिक शाळेत मास्तर आहे. त्याचं नाव सदानंद ठेवल्यापासून तो कधी हसलेला नाही. त्याचे वडील ते आमचे अप्पा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी कायदा अप्पांच्या टेबलावरून एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे जात होता. जाताना जेवढा सांडला तेवढा अप्पांनी वेचून ठेवला. अक्का ही अप्पांची मोठी बहीण. तिला कायदा येत नाही, ती करते.

आमच्याकडे नवऱ्या मुलाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात. कट्यारीच्या टोकाला लिंबू खुपसतात. अक्षता पडेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. जेवताना डाव्या हातात घ्यावी, झोपताना छातीवर, आणि इतर वेळी काय करावं ते ज्याचं त्यानं बघावं. लग्न लागलं की नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ते लिंबू वाहत्या पाण्यात सोडायचं. तोवर हळद उतरत नाही, आणि हळद उतरली नाही तोवर माणूस नवरदेवच राहतो, नवरा होत नाही.

कट्यार आमच्या घरचीच आहे. एरवी ती माळ्यावर भोपळ्यांच्या शेजारी असते. हळदीच्या आदल्या दिवशी मी ती खाली काढली, तर अप्पा लाकडी फूटपट्टी घेऊन पुढे आले आणि त्यांनी पातं मोजलं.

"सव्वाधा इंच," अप्पा म्हणाले. "नवाच्या वर गेला काय परवानो होयो."

"परवानो?" अक्का म्हणाली. "देवाच्या कामाक?"

"शस्त्र अधिनियम, एकोणीसशे एकोणसाठ. पातां नऊ इंचापेक्षा लांब, नायतर दोन इंचापेक्षा रुंद. घरगुती, शेतीचा, शास्त्रीय नायतर कारखान्याचा काम असला तर सूट."

"मगे ही घरगुतीच. लगीन काय कचेरीत लावतंस?"

"घरगुती म्हणजे भाजी चिरूची. कट्यारीन कोण भाजी चिरता?"

"मी चिरतंय. हाड ती हडे."

आणि अक्कानं खरोखर शेजारचा भोपळा ओढला आणि कट्यारीनं त्याची एक फोड काढली. फोड वाकडी आली. अप्पांनी ती उचलून बघितली आणि म्हणाले, की हे घरगुती काम नव्हे, हा भोपळ्यावर हल्ला आहे.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून स्वतःचा चाकू काढला. घडीचा, लाकडी मुठीचा. नोकरीभर त्यांनी त्यानं फक्त पेन्सिलींना टोकं काढली होती. त्याचंही पातं त्यांनी मोजलं आणि फूटपट्टी सगळ्यांना दाखवली.

"साडेतीन इंच. कायद्याक साडेपाच इंच मी परत करतंय."

अप्पा इतके खूश मला त्यांच्या निरोप समारंभातही दिसले नव्हते. अक्काचं म्हणणं एवढंच होतं की लिंबू मावायला हवं. लिंबू मावलं. चाकूचं पातं बारीक, लिंबू गुबगुबीत, त्यामुळे नवरदेवाच्या हातात शस्त्र आहे असं न वाटता त्याला कुणीतरी चमच्यातून लिंबू भरवतंय असं वाटायचं. अक्कानं लिंबाला कुंकू लावलं, वरून एक काळा ठिपका दिला, आणि सदानंदाला बजावलं, "ह्या आता तुझ्या हातात. अक्षता पडासर सोडशीत तर माझ्याशी गाठ आसा."

सदानंदानं मान डोलावली. त्याला लग्न करायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्या तोंडाकडे बघून ते कुणाला कळत नसे. मुलगी बघायला गेलो तेव्हा तो "चहा" एवढा एकच शब्द बोलला होता, आणि तोही चहा समोर आल्यावर. पण परत आल्यावर आठवडाभर तो शाळेच्या फळ्यावर तारीख लिहिताना लग्नाचीच तारीख लिहीत होता. मुलं रोज ती पुसत होती.

मुलगी खारेपाटणची. नाव मथुरा. मुहूर्त दुपारचा. आम्ही एसटी ठरवली. मे महिना, पत्र्याला हात लावला तर भाकरी भाजेल असा. वऱ्हाड बसलं, अक्का पहिल्या बाकावर बसली, व्याह्यांना द्यायचा एक मोठा फणस मागच्या बाकावर दोन माणसांची जागा घेऊन बसला. माझ्याकडे नवरदेवावर छत्री धरायचं काम होतं. एसटीत छत्री धरता येत नाही, तरी अक्कानं सांगितलं म्हणून मी ती मिटून उभी धरली होती. आणि सदानंद मुंडावळ्या बांधून, हातात चाकू उभा धरून, टोकाच्या लिंबाकडे बघत बसला होता.

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "मास्तरांनु, दिवो विझलो तुमचो."

सदानंद हसला नाही.

कणकवली मागे पडली आणि थोड्या वेळानं रस्त्यावर बांबू आडवा आला. बांबूच्या कडेला झावळांचं छप्पर, छपरात एक खुर्ची, आणि खुर्चीतून उठून आलेले हवालदार घाडीगावकर. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या. आपला जिल्हा तेव्हा नवीन होता. रत्नागिरीतून वेगळा निघालेला, नव्या संसारासारखा. त्यामुळे आदेश काढायची हौस फार. भांडण कुठं होईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून बंदी सगळ्या जिल्ह्याला सारखी वाटून दिली होती.

हवालदारांची एक खोड मला लगेच कळली. कायदा बोलायचा असला की ते पुस्तकी मराठी बोलत, आणि माणूस म्हणून बोलायचं असलं की मालवणी. त्यामुळे आपण कुणाशी बोलतोय ते समोरच्याला ऐकून कळत असे.

ते एसटीत चढले. "खंयचा वऱ्हाड?"

"वालावलचा," मी म्हणालो.

"बरा, बरा. उकडता नाय?" असं म्हणत ते दोन पावलं पुढे आले आणि सदानंदासमोर थांबले. "हे काय आहे?"

"लिंबू," सदानंद म्हणाला.

"लिंबाच्या आत काय आहे?"

सदानंद मास्तर. खरं उत्तर माहीत असताना चुकीचं द्यायची त्याला सवय नाही. "चाकू," तो म्हणाला.

"मुंबई पोलीस कायदा, कलम सदतीस, पोटकलम एक. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास मनाई."

मागच्या बाकावरून अप्पा उठले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की कुणाला वाटावं लग्न त्यांचंच आहे. निवृत्तीनंतर त्यांच्याशी पोटकलमासकट बोलणारं कुणी भेटलंच नव्हतं. "पातं साडेतीन इंच आहे," अप्पाही पुस्तकीत शिरले. "शस्त्र अधिनियमाप्रमाणे नऊ इंचांपर्यंत परवाना लागत नाही."

"तो शस्त्र अधिनियम. हा पोलीस कायदा. त्यात इंच नाहीत."

"इंचच नाहीत?"

"नाहीत. मनाई असेपर्यंत टाचणीसुद्धा मोठी."

"पण लग्नाच्या वऱ्हाडाला सूट असते."

"जमाव म्हणून असते. लग्नाला आणि प्रेतयात्रेला. तुम्ही सगळे जमलात ते चालेल. चाकू जमलेला चालणार नाही."

अप्पांनी दाद दिल्यासारखी मान हलवली. आपण हरतोय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. खेळ उत्तम चालला होता. तेवढ्यात बांबूच्या पलीकडून दोघे गडी चालत आले. दोघांच्या कमरेला आकडी, आणि आकडीत हातभर लांबीचे कोयते. हवालदारांनी त्यांना खिडकीतूनच हाक मारली, "काय रे, झाली काय साफसफाई?" आणि ते दोघे "होय, होय" करत बांबूखालून वाकून निघून गेले. वाकताना एकाचा कोयता बांबूला लागला. बांबूला खाच पडली.

"त्यांच्याकडे कोयते होते," मी म्हणालो.

"ते शेतकरी. कामावरून येतायत."

"आमीय शेतकरीच."

"मगे तुमचे कोयते खंय?"

"घरी ठेवले. लग्नाक जातो म्हणान."

"थंयच चुकलात," हवालदार कळवळून म्हणाले.

आता अक्का उठली. ती इतका वेळ गप्प होती, कारण पुस्तकी मराठी चालू असताना ती बोलत नाही. "माका एक सांगा हवालदारांनु. हेच्या हातात कट्यार असती तर?"

"कट्यार?" हवालदार हसले. "सोडलं असतंय. कट्यार म्हणजे नवरो. त्येका कोण अडयता? सकाळपासून तीन नवरे सोडलंय, एकाकडे तर तलवार हुती. पण खिशातलो चाकू घेवन लग्नाक कोण जाता गे बाये? चाकू घेवन लोक जातत ते लगीन मोडूक."

अक्कानं अप्पांकडे बघितलं. त्या बघण्याला पात्याची लांबी नव्हती म्हणून ते परवान्याशिवाय चाललं. अप्पा खाली बसले आणि फूटपट्टी कोटात अजून आत सरकवली.

"घडी करून खिशात ठेवा," हवालदारांनी तोड काढली. "मी बघितलं नाही असं होईल."

लिंबू टोकाला होतं, त्यामुळे चाकूची घडी होत नव्हती. लिंबू काढायचं तर अक्का जिवंत होती. हातातून सोडायचा तर अक्षता पडल्या नव्हत्या. सदानंदानं एकदा लिंबाकडे बघितलं, एकदा हातावरच्या घड्याळाकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलला.

"माका लगीन करूचा आसा."

ड्रायव्हरनं टोपी काढली.

"तर मग असं करू," मी म्हणालो. "चाकू जप्त करा, पण हातातच राहू दे. म्हणजे हातासकट जप्त करा."

हवालदारांनी यावर खरोखर विचार केला. "हात जप्त करता येत नाही," ते म्हणाले. "हाताबरोबर माणूस येतो. माणूस आला की त्याला अटक म्हणतात. अटक झाली की जिल्ह्याच्या ठाण्याला, ओरोसला न्यावं लागेल."

"ओरोस मागे रवला," सदानंद घाबरून म्हणाला. "खारेपाटण फुडे आसा."

अप्पांनी शेवटचा हात मारला. काम चालू असलेलं घरगुती हत्यार असेल, तर ते बाळगणं नव्हे, ते वापरणं. घरात विळीवर बसलेल्या बाईला कुणी कलम सदतीस लावत नाही. हवालदारांना हे पटलं. पण घरगुती काम दिसलं पाहिजे, ते म्हणाले. आणि नुसतं आता नव्हे, बंदी असेल तिथवर, म्हणजे थेट खारेपाटणपर्यंत दिसलं पाहिजे.

एसटीत बसून नवरदेवानं खारेपाटणपर्यंत काय चिरावं यावर वऱ्हाडात चर्चा सुरू झाली. कुणी कांदे म्हणालं. कुणी म्हणालं पेन्सिली, पण कचेरीचं काम घरगुतीत मोडत नाही असं अप्पांनीच जड मनानं सांगितलं. घड्याळाचा काटा पुढे जात होता. शेवटी अक्काचं डोकं फिरलं आणि ती ओरडली, "मेल्यांनो, घाला तो चाकू त्या फणसात आणि चला एकदाचे!"

ती शिवी होती. पण सगळ्यांनी तिच्याकडे कायदेशीर सल्ला म्हणून बघितलं.

"फणस कापता कापता मध्येच थांबलेला चाकू," हवालदार सावकाश म्हणाले. "घरगुती. शंभर टक्के. फणसातून बाहेर आला की मात्र पुन्हा चाकू." आणि तो बाहेर येत नाही ना हे बघायला ते स्वतः बरोबर निघाले. बांबू धाकट्या शिपायाच्या हवाली केला. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि लग्नात जेवण असतं, हा मुद्दा कायद्यात बसत नाही म्हणून मी तो इथं धरत नाही.

फणस सदानंदाच्या मांडीवर ठेवला. त्यानं चाकू खुपसला. लिंबू टोकावरून सरकत मुठीपाशी येऊन बसलं, पण पात्यावरच राहिलं. अक्कानं वाकून बघितलं आणि ते मान्य केलं. एसटी सुटली.

आता फणसाला चीक असतो हे वालावलीतल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक आहे. आमच्या एसटीत चाळीस माणसं होती, त्यांतल्या एकालाही ते वाटेवरच्या तळेऱ्यापर्यंत आठवलं नाही. आठवलं तेव्हा सदानंदाचा हात, चाकूची मूठ, लिंबू आणि फणस असे चौघे एक कुटुंब झाले होते. सदानंदानं बोटं हलवून बघितली. फणस हलला.

"सोडूक नको म्हणाल्लंस ना," तो अक्काला म्हणाला. "आता सुटतच नाय." मला वाटतं तो विनोद होता. पण तोंडावरून काही कळलं नाही.

खारेपाटणला मांडवाच्या दारात मुलीचे वडील दाजी फेटा बांधून उभे होते. वाजंत्री वाजत होती. एसटीतून आधी हवालदार उतरले, मग फणस, मग त्याच्या पाठोपाठ फणसाला चिकटलेला सदानंद. वाजंत्री एकेक करून थांबली. सनईवाला सगळ्यात शेवटी थांबला, कारण त्याचे डोळे मिटलेले होते.

"नवऱ्याक पकडून हाडलानी रे!" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"कित्याक?"

"फणस चोरलो वाटता."

दाजी पुढे आले. त्यांनी हवालदारांकडे बघितलं, फणसाकडे बघितलं, आणि अप्पांना विचारलं, "अप्पा, ह्या काय?"

"कलम सदतीस," अप्पा म्हणाले. त्यांच्या मते एवढ्यात सगळं आलं.

"माका कलम नको सांगू. तुमी म्हणाल्लात मास्तर आसा. मी माझा चेडू मास्तराक दिलंय. फणसाक देवचंय नाय."

"फणस तात्पुरता आहे," हवालदार मदत करायला गेले. पोलिसानं मदत केल्यावर गोष्ट जेवढी बिघडायची तेवढी बिघडली. दाजींचे भाऊबंद पुढे सरकले. आमचे चाळीस जण मागे सरकले. मी छत्री उघडली, कारण तेवढंच माझं काम होतं. सदानंद मध्ये उभा, फणसाच्या वजनानं एका बाजूला कललेला, आणि त्याच्या कपाळावरून घाम मुंडावळ्यांतून ठिबकत होता. तो दाजींकडे बघतच नव्हता. तो घराच्या दाराकडे बघत होता.

दारातून आवाज आला. "बाबा, इचारा त्यांका. कापो काय बरको?"

तो आवाज मथुरेचा होता. दाजींचे भाऊबंद जागच्या जागी थांबले, कारण प्रश्न रास्त होता आणि तोपर्यंत कुणाला सुचला नव्हता. बरका फणस म्हणजे लिबलिबीत, हातातून निसटणारा, घशाखाली गेल्यावर कळतो. कापा म्हणजे करकरीत, ठाम. खारेपाटणात बरका फणस घेऊन व्याह्याच्या दारात जाणाऱ्याला माणसं पाणी विचारतात, पण दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

"कापो!" सदानंद इतक्या मोठ्यानं ओरडला की वर्गातली मागची रांगसुद्धा जागी झाली असती. "आमच्या परसातलो! खडीसाखर!"

"मगे उनात कित्याक उभे? आत घेवा. मुहूर्त जाता."

दाजींनी एकदा फणसावर टिचकी मारली. आवाज ऐकला. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "वाजवा रे."

अंतरपाटाच्या एका बाजूला मथुरा, दुसऱ्या बाजूला सदानंद, त्याच्या हाताखाली फणस, फणसाखाली मी, आणि माझ्या शेजारी मुद्देमालावर नजर ठेवून हवालदार घाडीगावकर. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. त्यातल्या निम्म्या फणसाच्या चिकाला चिकटल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना लग्न नेमकं कुणाचं लागलं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मथुरेनं हार घातला तो सदानंदाच्या गळ्यातून ओघळून फणसावर आला. तिनं तो उचलून पुन्हा नीट घातला, या वेळी फक्त सदानंदाला.

मग तिनं खोबरेल मागवलं आणि कन्यादान घेतलेला तोच हात घेऊन एकेक बोट तेलानं सोडवायला बसली. मी फणस धरून होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"दुखता?"

"नाय."

"खोटा बोलतास."

"होय."

सदानंद त्या वेळी हसला असं माझं मत आहे. पण साक्षीदार मी एकटाच, आणि पुढे ते पंचनाम्यात आलेलं नाही.

फणस फोडला. गरे पिवळेधमक निघाले. हवालदारांनी पानात वाढलेलं सगळं खाल्लं, वर फणसाचे गरे खाल्ले, तेलानं हात पुसले, आणि ढेकर देऊन पुस्तकी मराठीत म्हणाले, "आता चाकू फणसाच्या बाहेर आला आहे."

सगळ्यांनी बघितलं. आला होता.

"माका वायट वाटता," त्यांनी मध्येच मालवणीत सांगितलं, "तुमचोच गरो खाल्लंय. पण मी हय स्वतः इलंय म्हणजे कायदो इलो. कायदो काय रिकाम्या हातान परत जाता?" आणि त्यांनी खिशातून कागद काढला. लिंबू चाकूपासून वेगळं करायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. निघालं नाही. चीक वाळून दगड झाला होता. तेल आणा म्हणेपर्यंत तेल संपलं होतं. उरलेलं हवालदारांच्याच हाताला लागलं होतं. त्यांनी लिहिलं, 'एक घडीचा चाकू'. अप्पा त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

"वर्णन अपुरं आहे," अप्पा म्हणाले. "कोर्टात टिकणार नाही. 'लिंबासह' लिहा."

हवालदारांनी 'लिंबासह' लिहिलं. पंच म्हणून मी सही केली. अप्पांनी अक्षर बघून समाधान व्यक्त केलं. अक्का तेव्हा आत मथुरेच्या आत्याशी बोलत बसली होती, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि बहुधा अप्पाही.

वालावलीला पोचल्यावर अक्कानं उंबऱ्यावर माप ठेवलं, ओवाळलं, आणि सदानंदाला म्हणाली, "चल खाडीर. लिंबू सोड."

"लिंबू पोलिसांकडे आसा," सदानंद म्हणाला.

आमच्या घरात त्यानंतर काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की अप्पा दोन दिवस देवळात राहिले. अक्काचा निकाल मात्र स्वच्छ होता. लिंबू नाही, तर हळद उतरली नाही. हळद उतरली नाही, तर सदानंद नवरदेव. नवरदेवाची जागा पडवीत. खाडी दारात आहे, पाणी वाहतं आहे, लग्न राहिलंय ते लिंबामुळे.

दुसरं लिंबू चालेल का, असं मथुरेनं विचारलंच नाही. तिनं थेट करून बघितलं. बाजारातून एक लिंबू आणलं, त्याला कुंकू लावलं, काळा ठिपका दिला, भोक पाडलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि सदानंदाकडून ते परत मिळाल्याचं वदवून घेतलं. सदानंदानं ते खोटं बोलताना पडवीचा खांब धरला होता. अक्कानं लिंबू नाकाशी नेलं आणि म्हणाली, "हेका फणसाचो वास नाय."

फणसाचा मोसम तोवर संपला होता.

सदानंद दर शनिवारी शाळा सुटली की एसटी धरून पोलीस चौकीवर जातो. निवडणुका केव्हाच झाल्या, मनाईही उठली. चाकू आता कायद्यानं घेऊन फिरायला मोकळा आहे, फक्त तो मुद्देमालात असल्यामुळे फिरू शकत नाही. घाडीगावकरांची बदली झाली. नवीन हवालदारांनी कपाट उघडून बघितलं आणि सांगितलं, की लिंबू असं इथं काही नाही, चाकूला लागलेला एक काळा गोळा आहे, लाखेचा शिक्का त्याच्यावरच मारलाय, आणि खटला उभा राहीपर्यंत त्याला हात लावता येणार नाही. खटला कधी उभा राहणार असं विचारल्यावर ते पुस्तकी मराठीत बोलायला लागले.

रात्री जेवणं झाली की मथुरा खिडकीच्या गजांपाशी बसते आणि सदानंद बाहेर पायरीवर. ती आतून सुपारी देते. तो दिवसभरात वर्गात काय झालं ते सांगतो. आता पुष्कळ बोलतो. अक्का माजघरातून खोकते. परवा मथुरेनं त्याला विचारलं, "सगळो जन्म हयच बसतलास काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तो अप्पांकडे गेला आणि म्हणाला, "अप्पा, तुमी 'लिंबासह' लिवक सांगितलात. आता अर्ज पण तुमीच लिवा."

अप्पांनी नवीन चाकू घेतला आहे. त्यानं पेन्सिलीला टोक काढलं आणि कच्चा मसुदा केला. मग शाईनं पक्का केला. अक्कानं ऐकला, समजला नाही, पण तिनं त्यावर अंगठा उठवला. तो असा:

प्रति, मा. जिल्हादंडाधिकारी, सिंधुदुर्ग, यांचे सेवेशी.

विषय : जप्त लिंबू मूळ स्थितीत परत मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार हा वालावल येथील रहिवासी असून गेल्या वैशाखापासून नवरदेव आहे. अर्जदाराच्या ताब्यातील एक घडीचा चाकू, पाते साडेतीन इंच, लिंबासह जप्त करण्यात आला. चाकूबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तो शासनाने शासकीय पेन्सिलींसाठी कायमचा ठेवून घेतला तरी चालेल. तथापि लिंबू हे कलम सदतीस अन्वये शस्त्र, सोटा, दंडा किंवा काठी यांपैकी कशातही मोडत नसल्याने त्याची जप्ती नजरचुकीने झाल्याचे मानावे, आणि सदर लिंबू जप्तीच्या वेळी होते तसे, म्हणजे पिवळे, रसदार, कुंकू व काळा ठिपका सुस्थितीत आणि फणसाचा वास कायम असे, अर्जदाराच्या स्वहस्ते द्यावे. सोबत एक शिपाई वालावलच्या खाडीपर्यंत पाठवावा, म्हणजे ते योग्य पाण्यात सोडले गेल्याचा पंचनामा करता येईल. लिंबू उपलब्ध नसल्यास, अर्जदाराची हळद अमुक तारखेपासून उतरली असे समजण्यात यावे, असा जिल्हास्तरीय आदेश काढून त्याची एक प्रत अक्कास, तिला समजेल अशा भाषेत, समक्ष वाचून दाखवण्यात यावी. पुढील पावसाळ्यात पडवी पुन्हा गळेल, तरी आदेश त्याआधी पडवीच्या पत्त्यावर पाठवावा, ही विनंती.